सातवी की आठवी

घरात ती सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. पुढे केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढला, एक गुडघा कुरकुरायला लागला, तरी नाव तेच राहिलं. इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या रक्तपेढीतही तिला सगळे धाकटीच म्हणत. तिचा दादा तिला भेटायला यायचा तो दारातूनच तशी हाक मारायचा, आणि एकदा कानावर पडलेलं नाव कोण सोडतं?

दादा कागदाच्या कारखान्यात संगणकाच्या खात्यात होता. धाकटी रक्तपेढीत तंत्रज्ञ. आलेल्या रक्ताचा गट तपासायचा, यंत्रात फिरवून त्याच्या तांबड्या पेशी आणि पिवळसर पाणी, म्हणजे प्लाझ्मा, वेगळं करायचं, प्रत्येक पिशवीवर लेबल चिकटवायचं, आणि वॉर्डातून मागणी आली की रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पिशवी हवाली करायची. कुठली पिशवी कुठे आहे आणि किती दिवस चालणार आहे, हे सगळं संगणकावर. त्यासाठीचं सॉफ्टवेअर ज्या कंपनीचं होतं तिचा फोन आधी व्यस्त लागू लागला, मग लागेनासाच झाला. लेबलं अर्धीच छापून येऊ लागली. धाकटीने एका रविवारी दादापुढे गाऱ्हाणं घातलं. तो म्हणाला, बघतो. त्या बघतोमधून ‘पिशवी’ जन्माला आली. नाव त्यानेच ठेवलं, आणि बारशाला दोघंच हजर होती असं तो सांगायचा.

दादाने ‘पिशवी’ कुलपात ठेवली नाही. कुणीही फुकट घ्यावी, आत काय लिहिलंय ते वाचावं, दुरुस्त करावं आणि दुरुस्ती परत पाठवावी, असं त्याने मांडून ठेवलं. लहानलहान इस्पितळांनी ती उचलली. लांबलांबची माणसं मदतीला आली. धाकटी आधी नुसत्या चुका सांगायची, मग शिकतशिकत स्वतःच दुरुस्त करू लागली. सकाळी रक्तपेढी, दुपारनंतर ‘पिशवी’. लग्न तिने केलं नव्हतं. कुणी विचारलं तर दादाच परस्पर सांगायचा, “तिच्या पदरी एवढ्या पिशव्या आहेत, आणखी कशाला?”

दर वर्षी ‘पिशवी’ची नवी आवृत्ती निघायची. पण रक्तपेढ्यांना दर वर्षी नवं नको असतं. बटण इथून तिथे गेलं तरी माणसं गोंधळतात, आणि रक्ताच्या कामात गोंधळ परवडत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी एक आवृत्ती निवडायची आणि ती पुढची पाच वर्षं सांभाळायची. तिच्यात नवं काही घालायचं नाही, फक्त सापडतील ती भोकं बुजवत राहायचं. कामाच्या भाषेत तिला एलटीएस म्हणत. दादा तिला संसारी आवृत्ती म्हणायचा. बाकीच्या हौशी, नव्याचे नऊ दिवस, आणि ही आपली नांदणारी.

दादा गेला तो कारखान्याच्या कँटीनमध्ये, जेवता जेवता, हातात चमचा असताना. धाकटी तेव्हा कामावर होती. फोन आला, वहिनीच्या शेजारणीचा. धाकटीने ऐकून घेतलं, बरं म्हणाली आणि फोन ठेवला. समोरच्या ट्रेमधल्या अर्ध्या पिशव्यांना लेबलं लागली होती, अर्ध्यांना लागायची होती. अर्धा ट्रे सोडून उठलं की चूक होते, हे तिने स्वतःच नव्या माणसांना कित्येकदा शिकवलेलं. तिने उरलेली लेबलं चिकटवली, सही केली, मोजे काढले, हात धुतले, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईला सांगितलं, “माझा दादा गेला. मी निघते.” जेवायला निघते म्हणावं तसं. ती बाई पुढे बरेच दिवस हे ज्याला त्याला सांगत होती. वाईट हेतूने नाही, तिला ते पचतच नव्हतं.

त्यानंतरही धाकटीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. माणसं यायची, तिचा हात हातात घ्यायची, तोंडाकडे बघत थांबायची आणि थोड्या वेळाने हात सोडून द्यायची. दात काढायच्या आधी हिरडीला सुई देतात, मग दात आपला आहे की दुसऱ्याचा तेही कळत नाही, तसं तिचं झालं होतं. भूक लागायची, झोप यायची, बस वेळेवर पकडली जायची. वहिनीकडे रोज जाऊन ती बाबांचं हवं नको बघायची. बाबा दादाकडेच राहत. आयुष्यभर नळजोडणीची कामं केलेला माणूस, आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी पोराच्या जाण्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. घरातला प्रत्येक नळ मात्र पुन्हापुन्हा हाताने घट्ट पिळून बघायला लागले.

आणि मग संसारी आवृत्ती निवडायची वेळ आली.

ठरवणारी माणसं पाच होती, आता चार उरली. एक धाकटी. दुसरे एक प्राध्यापक, कॉलेजात संगणक शिकवायचे, स्वभावाने भले आणि बोलण्यात लांबण लावणारे. तिसरा दाढीवाला, समुद्रापलीकडे राहायचा, पडद्यावर त्याची दाढीच आधी दिसायची आणि मागून तो. चौथी एका डोंगराळ भागातल्या इस्पितळाची बाई, तिला सगळे डोंगरवाली म्हणत. तिथल्या रक्तपेढीत ती आणि तिची एक सहकारी अशा दोघीच.

जाण्याआधी दादाने सगळ्यांना कळवून ठेवलं होतं की यंदा आठवी आवृत्ती संसारी करायची. आठवीत त्याने मोठं काम काढलं होतं. आतापर्यंत एक पिशवी म्हणजे एक नोंद. आठवीत त्याने नाती घातली. दात्याकडून आलेली मूळ पिशवी म्हणजे आई, तिच्यापासून वेगळ्या केलेल्या पेशींच्या आणि पाण्याच्या पिशव्या म्हणजे मुली. कुठल्या मुलीची आई कोण, एका झटक्यात कळावं. बघायला फार सुरेख होतं ते. प्राध्यापक तर वर्गात दाखवायचे.

त्यांनीच गटात लिहिलं की आठवीच घेऊ, आणि तिला दादाचं नाव देऊ. पाच वर्षं कुठल्या ना कुठल्या रक्तपेढीत रोज सकाळी संगणक सुरू झाला की त्याचं नाव पडद्यावर येईल. दाढीवाल्याने लगेच होकार कळवला. आणखी कितीतरी वापरणाऱ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. कुणीतरी ते वहिनीलाही सांगितलं. वहिनी कपड्यांच्या दुकानात मापं कमीजास्त करून द्यायचं काम करायची, संगणकाशी तिचा काही संबंध नव्हता. पण त्या संध्याकाळी दादा गेल्यापासून पहिल्यांदा ती आपण होऊन बोलली. म्हणाली, “बरं झालं. काहीतरी राहील त्याचं.” बाबांनी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला सांगितलं की आमच्याकडे सध्या सातवी की आठवी असं चाललंय. शेजाऱ्याने विचारलं, कुणाच्या नातवाचं? बाबा म्हणाले, पोराचं. शेजारी बिचारा हवापाण्यावर आला, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं समजून.

धाकटी काहीच बोलली नाही. होही नाही, नाहीही नाही.

रक्तपेढीच्या सामानाच्या खोलीत, रिकाम्या खोक्यांच्या शेजारी, एक जुना संगणक केवळ चाचणीसाठी ठेवलेला होता. काम संपल्यावर ती तिथे जाऊन बसायची आणि खऱ्या नोंदींची नक्कल आठवीत भरून बघायची. हे तिचं दर वेळचं काम होतं. दादा असता तरी तिनेच केलं असतं. दुःख म्हणून केलं नाही आणि जिद्द म्हणूनही नाही. करायचं असतं म्हणून केलं.

त्यात तिला ते सापडलं. वॉर्डात दिलेली पिशवी कधीकधी न वापरता परत येते. बाहेर फार वेळ राहिली असेल तर ती टाकून द्यावी लागते, तसा शिक्का नोंदीवर बसतो. जुन्या नोंदी आठवीत आल्या की तो शिक्का आईच्या नावावर राहायचा, मुलीपर्यंत पोचायचा नाही. म्हणजे टाकायला बाजूला काढलेली पिशवी पडद्यावर चांगली म्हणून दिसायची. नेहमी नाही. एका ठरावीक क्रमाने गोष्टी घडल्या तरच. आठवीची कच्ची प्रत वापरून पाहणाऱ्या दोन इस्पितळांनी दादाला हे आधीच कळवलं होतं आणि दादाने त्यांना उत्तर दिलं होतं, बघतो.

मग तिने दादाने लिहिलेलं उघडून वाचायला घेतलं. त्याची लिहिण्याची पद्धत तिला पाठ होती. इथे तो घाईत होता, इथे त्याला मजा आली, इथे फोन आला असणार आणि उठून गेला. नात्यांचं जाळं जिथे बांधलं होतं तिथे मात्र ती अडकली. निम्मं कळायचं, निम्म्यात पाय रुतायचा. एक गाठ सोडवली की दुसरीकडे तीन बसायच्या. बरेच दिवस तिने ते करून पाहिलं. खोलीत खोक्यांचा वास, बाहेर फ्रीजची घरघर. तिला वाटलं होतं, वाचताना तरी काहीतरी हलेल. काही हललं नाही. एवढंच कळलं की हे पुरं करायला त्यालाच यावं लागेल.

चौघांची बैठक ठरली, पडद्यावरच. प्राध्यापक सुरुवातीला दादाबद्दल चार शब्द बोलायचे म्हणून चाळीस बोलले. मग म्हणाले, एकमत आहेच, तेव्हा आठवी.

धाकटी म्हणाली, “सातवी घेऊ.”

प्राध्यापकांना वाटलं, जोडणी बिघडली, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं, आणि सापडलेली चूक पायरीपायरीने दाखवली. दाढीवाल्याने दाढीतून हात फिरवला. म्हणाला, चूक आहे तर दुरुस्त करू, चुका कुठल्या आवृत्तीत नसतात? प्राध्यापकांनी त्याला दुजोरा दिला. एक चूक म्हणजे काही घर बुडत नाही. शिवाय हे नुसतं यंत्राचं काम नाही, लोकांच्या भावना आहेत यात. बहिणीनेच असं म्हटलं तर लोक काय समजतील, हे त्यांनी फार हळू आवाजात विचारलं.

“लोकांचं सोडा,” धाकटी म्हणाली. “आठवीतलं ते काम मला निम्मंच कळतं. तुम्हाला किती कळतं?”

प्राध्यापक म्हणाले की शिकता येईल.

“येईल. पण पाच वर्षं सांभाळायची म्हणजे उद्यापासून सांभाळायची. उद्या कुणी फोन केला की पडद्यावर पिशवी दिसते आणि ती द्यायची की नाही, तर तुम्ही काय सांगाल? शिकतोय म्हणून?”

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं प्राध्यापकांनी नंतर दाढीवाल्याला सांगितलं. भांडता तरी आलं असतं.

डोंगरवालीने एकच विचारलं, “सातवी तुम्ही सांभाळाल का? स्वतः?”

“हो.”

“मग माझं मत सातवीला.”

दाढीवाल्याने थोडा वेळ मागितला, आपल्या यंत्रावर ती चूक करून पाहिली, आणि तोही सातवीकडे आला. प्राध्यापक म्हणाले, माझा विरोध नाही, पण मतही नाही. बैठक संपली. पडदा काळा झाला आणि त्यात धाकटीला स्वतःचं तोंड दिसलं. ती चष्मा पुसून घरी गेली.

वहिनीला सांगायचं काम उरलं होतं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं, म्हणून ती दुसऱ्याच दिवशी गेली. वहिनी जेवणाच्या टेबलावर कुणाच्या तरी पँटची शिवण उसवत बसली होती. बाबा खिडकीशी. धाकटीने जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. शिक्का, आई, मुलगी, परत आलेली पिशवी. वहिनी ऐकत होती आणि ब्लेडच्या टोकाने एकेक टाका तोडत होती.

“म्हणजे त्याचं शेवटचं काम फुकट गेलं,” ती म्हणाली.

“फुकट नाही, वहिनी. आठवी निघेल, साधी म्हणून निघेल. नीट झाली की पुढच्या खेपेला बघू.”

“पुढच्या खेपेला तो नसेल.”

“या खेपेलाही नाहीये.”

बोलून गेल्यावर धाकटीला कळलं की हे असं बोलायचं नसतं. पण शब्द बाहेर पडले होते, आणि ते तिला खरे वाटत होते. वहिनीने पँटची घडी केली, ब्लेड डबीत ठेवलं, उठून कप विसळायला घेतले. पाठमोरीच म्हणाली, “तू माणूस आहेस की काय आहेस गं?” ओरडली नाही. खरंच माहिती हवी असल्यासारखं विचारलं. धाकटीने बाबांना औषध दिलं आणि ती निघाली. जिन्यात तिला वाटलं की आता तरी येईल. रडू म्हणजे. ती एका पायरीवर थांबलीदेखील. वरून कुणीतरी सायकल घेऊन उतरत होतं, त्याला वाट द्यायला बाजूला झाली, आणि मग उतरून बसथांब्यावर गेली.

सातवी संसारी आवृत्ती म्हणून जाहीर झाली. पडद्यावर कुणाचं नाव आलं नाही. चार लोकांनी नावं ठेवली, दोघांनी धाकटीला दगड म्हटलं. ते तिच्यापर्यंत पोचलं आणि तिला त्यात फारसं चुकीचं वाटलं नाही. दादाच्या मरणाची बातमी ज्यांनी हळहळून वाचली होती, त्यांतले बरेच महिनाभरात आपापल्या कामाला लागले. सातवी बिनबोभाट चालू राहिली. नव्या आवृत्त्यांत कुठे भोक सापडलं की धाकटी बघायची, ते सातवीतही आहे का. असलं तर नवी दुरुस्ती सातवीच्या मापाने कापून, बेतून बसवायची. कंटाळवाणं काम. कुणी त्याबद्दल टाळ्या वाजवत नाही. नीट केलं तर काहीच घडत नाही, आणि काही न घडणं हेच त्याचं फळ.

आठवी साधी म्हणून निघाली, त्या चुकीचा इशारा ठळक लिहून. नवव्या आवृत्तीतून नात्यांचं जाळं काढून टाकावं लागलं. काढायचं कामही धाकटीनेच केलं, दुसरं कुणी हात लावायला तयार नव्हतं. प्राध्यापक मात्र बोलले त्याला जागले. त्यांनी वर्षभर ते प्रकरण अक्षर लावून वाचलं आणि दहावीसाठी नव्याने बांधलं. आई आणि मुली राहिल्या, गाठी वेगळ्या पडल्या. त्यात दादाच्या हातच्या ओळी मोजक्याच उरल्या. पुढची संसारी आवृत्ती दहावी करायची ठरली तेव्हा प्राध्यापकांनी चाचणीसाठी आधी धाकटीकडे पाठवली आणि सोबत एवढंच लिहिलं की तुम्ही नाही म्हणालात तर नाही. तिने महिनाभर तपासली. हो म्हणाली. नाव द्यायचा विषय कुणी काढला नाही. मग प्राध्यापकांना सुट्टीत एकदा तिच्या रक्तपेढीत यावंसं वाटलं. ते आले, फ्रीज पाहिले, पिशव्या पाहिल्या, फिकट झाले आणि बाहेर जाऊन बसले. तिने त्यांना पाणी नेऊन दिलं. रक्त बघवत नाही हो मला, ते ओशाळून म्हणाले. इतकी वर्षं रक्ताची नाती लिहीत होतो, पण प्रत्यक्ष कधी बघितलं नव्हतं.

वहिनी बरेच महिने बोलली नाही. धाकटी रोज जायची, औषधं भरून ठेवायची, वहिनी आतल्या खोलीत असायची. अबोला असा नाही, बोलायला काही नव्हतं. पुढे एकदा मोरीचा नळ खरंच गळायला लागला. बाबांना दिसत नव्हतं आणि दुसऱ्या कुणाला ते हात लावू देईनात. तेव्हा वहिनीने फोन करून सांगितलं, पाना धरायला ये. दोघींनी बाबांच्या तोंडी हुकमांवर तो नळ उघडला, चकती बदलली, दोघी भिजल्या. त्यानंतर कामापुरतं बोलणं सुरू झालं आणि कामं तर घरात सरता सरत नाहीत.

बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन धाकटीच्याच इस्पितळात झालं. पहिला डोळा आधीच करून घेतला होता. दोघी बाहेर बाकावर बसल्या होत्या. समोर भिंतीवर डोळ्याचं मोठं चित्र आणि खाली एका मुलाची हरवलेली चप्पल. वहिनीने मांडीवरच्या पिशवीचे बंद सोडले, पुन्हा बांधले.

“तू रडलीस का गं? नंतर कधी?”

धाकटीने आठवून पाहिलं. “नाही. अजून नाही.”

“मला वाटलं, घरी जाऊन रडत असशील.”

“नाही गं वहिनी.”

वहिनी म्हणाली की तिलाही पहिल्या आठवड्यानंतर रडू आलं नाही. लोक समोर असले की यायचं, एकटी असली की भिंतीसारखी असायची. दुकानात मापं घ्यायची, टाचण्या टोचायची, दिवस सरायचा. तेव्हा आपणच खोट्या आहोत असं वाटायचं. मग धाकटीचा राग आला तो बरा वाटला, निदान काहीतरी येत होतं.

“मग अजून येतो का राग?”

“कधीकधी. तुला चालतं ना?”

“चालतं.”

दार उघडलं आणि परिचारिका बाबांना हाताला धरून बाहेर घेऊन आली. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा उघडा. त्यांनी त्या डोळ्याने दोघींना आळीपाळीने नीट न्याहाळलं, बराच वेळ, नळाची तपासणी करायचे तसं.

“काय गं,” ते म्हणाले, “दोघी किती वाळलात.”

परिचारिकेने थेंब कधी आणि किती घालायचे ते सांगितलं. धाकटी खाली वाकून त्यांच्या पायात बूट घालू लागली. वहिनीने औषधाची चिठ्ठी घेतली आणि खिडकीच्या रांगेत जाऊन उभी राहिली.